घरोघरी ठेवलेली बुरशी

खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी मला जात विचारली नाही, लग्न झालंय का ते विचारलं नाही, खोलीत मटण शिजवशील का तेही विचारलं नाही. भाड्याचा विषय शेवटी मीच काढला. त्यांना एकच गोष्ट हवी होती. "तुमच्या दवाखान्यात अँटिबायोटिक दिवसाला किती खपतं?"

मी हायवेलगतच्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर नुकताच लागलो होतो. पहिल्या नोकरीचा तोरा होता. म्हटलं, असली माहिती बाहेर सांगता येत नाही.

"नको सांगूस," बाई म्हणाल्या. "तुमच्या नाल्यावरून मला अंदाज येतोच. तू थापा मारतोस का, एवढंच बघायचं होतं. ये राहायला."

कार्ल्याच्या जवळच्या एका गावात, खालच्या अंगाला बौद्ध वस्ती, आणि वस्तीच्याही टोकाला, भातखाचरांना लागून बाईंचं घर. पुढच्या दोन खोल्यांत त्या एकट्या, मागच्या खोलीत मी. शेजारच्या घरात त्यांचा धाकटा भाऊ, त्याची बायको, मुलं. त्याला सगळी वस्ती भाऊच म्हणायची, मीही भाऊ म्हणायला लागलो. त्या घरात मी काही वर्षं काढली आणि तेवढ्या काळात माझ्या डोक्यात जे शहाणपण शिरलं ते बहुतेक सगळं बुरशीबद्दलचं आहे. ते कुणाला सांगायला गेलं की माणसं हातातला चहाचा कप खाली ठेवतात. बाई गेल्यापासून तर ऐकून घेणारंही कुणी उरलं नाही.

बाई अंगानं काटकुळ्या, बुटक्या. नऊवारी नाही, साधी सुती गोल साडी, आणि तिच्यावर भाऊचा जुना शर्ट. आपल्याकडे भातलावणीला बायका घालतात तसा. पण बाई तो शर्ट बारा महिने घालायच्या, लग्नाकार्यातसुद्धा. त्याच्या खिशात शेगडी पेटवायचा लायटर, कापसाचा गोळा आणि एक चिमटा कायम असायचा. एकदा एका साखरपुड्यात जेवणाची पंगत चालू असताना त्यांनी मांडवाच्या बांबूवर काहीतरी पांढरं पाहिलं, चिमटा काढला आणि तिथंच खुर्चीवर चढल्या. नवऱ्या मुलाचे मामा धावत आले, त्यांना वाटलं बाईंना साप दिसला.

दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर त्या आधी हुंगायच्या. "तुमच्या कणगीत ओल शिरलीय," किंवा "फ्रीजच्या मागं लिंबू पडलंय बघा." बहुतेक वेळा लिंबू सापडायचं, त्यामुळे लोकांना बोलताही यायचं नाही. आणि घरात त्यांच्याकडे तीन कुकर. सकाळपासून शिट्ट्या. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, "ताई एवढं शिजवत्यात, पन कुनाला घासभर दिल्यालं आमी तरी पायलं न्हाई." त्या कुकरात ज्वारी, भुसा, काचेच्या बाटल्या आणि पाणी शिजत असायचं. स्वतःचं जेवण म्हणजे भावजयीनं आणून दिलेली भाकरी आणि त्यावर तेल-चटणी. कुणीही काहीही आणून दिलं तरी बाईंचा पहिला प्रश्न, "उकळलं का?" दूध उकळलं का, पाणी उकळलं का, भांडं उकळलं का. वस्तीतली पोरं त्यांना पाहिलं की लांबूनच ओरडायची, "उकळलं, उकळलं!"

आता त्या तीन कुकरांमागचं कारण सांगतो.

बाईंनी सगळी नोकरी औषधांच्या एका कारखान्यात केली होती. वस्तीतून पदवीपर्यंत शिकलेल्या त्या पहिल्या. कारखान्यात मोठमोठ्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवायची आणि तिच्याकडून अँटिबायोटिक काढून घ्यायचं, असं ते काम. टाकीतली बुरशी निरोगी आहे का हे बघणं बाईंकडे. बाई सांगायच्या, "सगळ्या अंगांनी विचार करून आम्ही औषध बनवलं. ते माणसाच्या पोटातून बाहेर पडल्यावर कुठं जातं, याचा विचार करायचं काम कुणाकडेच नव्हतं."

औषध पोटात मरत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. घेतलेल्या गोळीतला बराचसा भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो, तिथून गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून इंद्रायणीत. "आणि नाल्यात काय नुसतं पाणी असतं का? जंतू असतात. त्यांना रोज थोडं थोडं औषध मिळतं. मरण्याइतकं नाही, शिकण्याइतकं. शिकून तयार झालेले जंतू परत आपल्याच अंगात येतात, मग तू खिडकीतून काय वाटशील ते वाट."

मी चेष्टेनं म्हणायचो, बाई, तुमच्यामुळे गोळीची पट्टी कापताना माझा हात थरथरायला लागलाय. त्या म्हणायच्या, "थरथरू दे. नीट कापशील."

चेष्टा मी फार दिवस केली नाही. एक दिवस भाऊनं मला बांधावर बसून त्यांच्या मधल्या बहिणीची गोष्ट सांगितली. खाचरात पायाला पत्रा लागला. साधी जखम. माझ्याच दवाखान्यात, मी यायच्या आधी, तिला ठेवलं होतं. एक औषध दिलं, लागू पडलं नाही. दुसरं दिलं. तिसरं पुण्याहून मागवलं. "डाक्टर बिचारा रडकुंडीला आलता," भाऊ म्हणाला; बाईंना तो आक्का म्हणायचा. "त्याची काय चूक न्हाई. आक्का उशाला बसलेली. समद्या औषदांची नावं तिला पाठ. त्यातलं एक तर तिच्याच कारखान्यातलं. बहीण गेली तवा आक्का रडली न्हाई. येवडंच म्हनली, आमीच शिकवलं त्यांना."

बहिणीचं झाल्यावर बाईंनी नोकरी सोडली आणि गावी आल्या. जन्मभर बुरशीकडून औषध करून घेतलं, आता बुरशीकडूनच ते मोडून घ्यायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं.

हे काही त्यांचं खूळ नव्हतं. लाकूड कुजवणारी एक पांढरी बुरशी असते. लाकडाइतकी चिवट वस्तू ती पचवते, कारण तिच्या अंगातून जे रस पाझरतात ते भल्याभल्या गोष्टींचे तुकडे करतात. त्या रसांपुढे अँटिबायोटिकही टिकत नाही, हे जगभरच्या प्रयोगशाळांना माहीत आहे. अडचण एवढीच की प्रयोगशाळेतली बुरशी स्वच्छ पाण्यात काम करते. खऱ्या गटाराच्या पाण्यात टाकली की तिथले जंतू दोन दिवसांत तिला खाऊन टाकतात. बाईंना गटाराला न घाबरणारी बुरशी पाहिजे होती. त्यासाठी त्या खंडाळ्याच्या ड्यूक्सनोज सुळक्याखालच्या जंगलात फिरल्या, तिकोणा पेठेच्या वरच्या रानात फिरल्या, बंगलेवाल्यांच्या बागांत कुंपणावर चढून शिरल्या. एका बंगल्याच्या रखवालदारानं त्यांना चंदनचोर समजून बसवून ठेवलं होतं.

आणि ती बुरशी सापडली घराजवळच, रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरवर. रुळांखाली पूर्वी लाकडाचे स्लीपर असत. कुजू नयेत म्हणून त्यांना डांबरी तेल पाजलेलं असे. सिमेंटचे आले तेव्हा जुने लोकांनी विकत घेऊन पायरीला, बाकाला, गोठ्याला वापरले. भाऊच्या गोठ्याच्या उंबऱ्याला तसा एक होता. त्याच्या पोटात, डांबराच्या तेलात, पांढरीशुभ्र बुरशी खुशाल वाढत होती. बाई मला तो दिवस सांगताना नेहमी उभ्या राहायच्या. "अरे, जी डांबर खाते ती तुझ्या गोळ्यांना काय भीक घालते!"

मी राहायला गेलो तेव्हा ही बुरशी बादलीत पाणी स्वच्छ करून दाखवत होती. पण त्यासाठी औषध असलेलं पाणी लागायचं, आणि ते भरपूर असतं गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या लघवीत. म्हणजे पुढं काय झालं ते ओळखलंच असेल. मला घशाचा त्रास झाला, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि संध्याकाळी दारात झाकणाचा एक डबा.

"बाई, हे मला जमायचं नाही."

"का? दवाखान्यात लोकांच्या बाटल्या घेतोस तेव्हा जमतं."

"त्या बाटल्या मी घेत नाही, लॅबवाला घेतो."

"मग मला लॅबवाली समज आणि ठेव दारात. झाकण घट्ट लाव."

गोळ्या संपेपर्यंत मी रोज सकाळी तो डबा घेऊन, चेहरा दुसरीकडे वळवून, पुढच्या दारात ठेवत होतो. भाऊची बायको समोर अंगण झाडत असायची आणि मुद्दाम विचारायची, "काय वो, दूध घालताय जनू?" मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. बाईंनी मात्र शेवटच्या दिवशी मला आत बोलावलं आणि काचेच्या दोन बशा दाखवल्या. दोन्हींवर जंतूंचा साय आल्यासारखा थर. एका बशीत मधोमध पाण्यात भिजवलेली कागदाची टिकली आणि तिच्याभोवती स्वच्छ गोल कडं, जंतू मेलेले. ते माझं पाणी, जसं होतं तसं. दुसऱ्या बशीत टिकली होती, पण कडं नव्हतं. ते माझंच पाणी, बुरशीतून गेलेलं. त्यात औषध उरलं नव्हतं.

मी इतक्या वर्षांत औषध लागू पडल्याचा आनंद झालेली माणसं खूप पाहिली. औषध नाहीसं झाल्यावर एवढ्या आनंदात असलेलं माणूस तेवढं एकच. भिंतीवर फोटोंऐवजी बाईंनी अशा बशांची चित्रं लावली होती, आणि पाहुणा आला की लग्नाचा अल्बम दाखवावा तशा त्या ती दाखवायच्या.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी एका वर्षी होळीच्या आधी नाल्याकडच्या भिंतीलगत ड्रम ठेवायला परवानगी दिली. त्या बहिणीचं त्यांनाही लागलं होतं. "पण बाई, वास आला तर उचलणार," एवढी अट. बाईंनी ड्रमात भाताचा पेंढा आणि लाकडाचा चुरा भरला, त्यावर बुरशी वाढवली आणि वॉर्डातलं सांडपाणी थेंब थेंब त्यातून सोडलं. पेंढा थकला की नवा भरायचा, नवी बुरशी घालायची. वास आला नाही. उलट पावसाळी रानात येतो तसा एक ओला वास यायचा, आणि पेशंटांचे नातेवाईक ड्रमांच्या शेजारी डबा खायला बसायचे. बशीतलं कडं बारीक होत गेलं. मग एक दिवस दिसेनासं झालं. त्या दिवशी बाई माझ्या खिडकीशी आल्या, रांगेतल्या माणसांना बाजूला सारून बशी आत धरली आणि म्हणाल्या, "घे, बघ. काल तू वाटलेलं सगळं गेलं." रांगेतला एक जण घाबरून म्हणाला, "म्हंजी आमच्या गोळ्या खोट्या व्हत्या व्हय?"

त्याच होळीला स्लीपर गेला. होळीची लाकडं चोरायची ही गावची जुनी रीत, त्याबद्दल कुणी भांडत नाही. भाऊनं गोठ्याची डागडुजी करायला म्हणून तो उंबरा उपटून बाहेर ठेवला होता, आणि गावातल्या पोरांनी तो रात्रीतून पळवला. डांबराचं लाकूड, भडका उत्तम. सकाळी बाई राखेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. एरवी अगदी शुद्ध पुणेरी बोलणाऱ्या, पण संतापल्या की त्यांची बोली वर यायची. "कुटं हाय त्यो? कुनी नेला? आरं, त्यो लाकूड न्हवता रं!" पोरं खाली मान घालून उभी. लाकूड नव्हता तर काय होता, हे त्यांना कळण्यासारखं नव्हतं.

म्हणजे आता ती बुरशी जगात फक्त बाईंच्या बरण्यांत आणि ड्रमांत उरली. एका संस्थेतल्या माणसानं येऊन एक बरणी नेली होती, पुढे फोनवर सांगितलं की त्यांच्याकडे ती टिकली नाही. दुसरीकडे पाठवा म्हटलं तर बाई ऐकेनात. त्यांचं म्हणणं, फ्रीजमध्ये झोपवून, गोडधोड खायला घालून ठेवलेली बुरशी गटाराची सवय विसरते. तिला दर खेपेला चमचाभर नाल्याचं पाणी पाजलं पाहिजे. यात त्यांचा हट्ट किती आणि खरं किती हे मला आजही सांगता येणार नाही.

मग त्यांना विरजण आठवलं. आपल्या घरचं विरजण बिघडलं तर आपण काय करतो? शेजारी वाटी पाठवतो. शेजारणीचं बिघडलं तर ती आपल्याकडे पाठवते. त्यामुळे गावातलं विरजण कधी संपत नाही. बाईंनी काचेच्या बरण्या जमवल्या, कुकरात शिजवून निर्जंतुक केलेल्या ज्वारीवर बुरशी वाढवली, तोंडाला कापसाचा बोळा घातला आणि घरोघरी एकेक नेऊन ठेवली. "उघडायची नाही. उन्हात ठेवायची नाही. बाकी काही करायचं नाही." दर दोन-अडीच महिन्यांनी त्या फेरी काढायच्या, जुनीतली चमचाभर नवीत घालायच्या आणि नवी बरणी ठेवून यायच्या.

आधी वस्तीतच ठेवल्या. पण बाई म्हणाल्या, वस्तीला एक रोग लागला तर सगळ्या जातील, वरच्या आळीतही ठेवल्या पाहिजेत. वरची आळी म्हणजे गावातल्या मराठा शेतकऱ्यांची घरं. भाऊ नंतर मला म्हणाला, "आक्काला वाटतंय, इचारलं की ठेवतील." बाईंनी विचारलं, आणि त्यांनी ठेवल्या. काहींनी होळीच्या लाजेनं ठेवल्या असतील, काहींनी कुतूहलानं. एकीनं तर देव्हाऱ्याशेजारी ठेवून बरणीला कुंकू लावलं होतं. ते पाहून बाई रस्ताभर हसत आल्या, आणि घरी आल्यावर भाऊला बोलावून तेच परत सांगितलं.

बाई आजारी पडल्या ते पाऊस संपता संपता. हृदयाचं दुखणं. पुण्याला न्यावं लागलं. भाऊ आणि मी आळीपाळीनं तिथं राहिलो. त्यांचा मुक्काम लांबत गेला. ड्रम नेमके त्याच्या आदल्या आठवड्यात बाईंनी रिकामे करून, जुना पेंढा जाळून धुतले होते, नवा पेंढा भरायचा होता. त्यासाठीची बुरशी घरात तयार होती. बंद घर, दमट हवा. आम्ही बाईंना घेऊन परत आलो आणि दार उघडलं तर सगळ्या बरण्या हिरव्या. ओल्या चपलेवर येते तीच साधी हिरवी बुरशी. ती पांढरीला मारून टाकते.

बाई कॉटवर टेकल्या, सगळ्या फळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "होतं असं. म्हणून तर वाटून ठेवल्यात. उद्या जाऊन एखादी घेऊन ये. वरच्या आळीतली आण, तिकडं हवा कोरडी असते."

त्यांच्या आवाजात समाधान होतं. आपण केलेली सोय उपयोगाला आली याचं. मी त्यांना औषधं दिली, पाणी दिलं. पण मला उद्या कुठं जावं लागलं नाही, कारण संध्याकाळी दिवेलागणीला लोक बघायला यायला लागले.

पहिली आली शेजारच्या गल्लीतली एक तरुण सून. पदराखाली बरणी. बाईंची नजर बरणीवर गेली आणि तिथंच राहिली. बरणी लखलखीत होती. आत शेंगदाणे भरलेले.

"ताई, तुमची बरनी," ती म्हणाली. "आतलं लय खराब झालतं वो. पिवळं पानी सुटलं व्हतं. तुमी आला न्हाईत बदलायला. आमच्या घरी तुमची वस्तू नासली म्हनून सासूबाईंस्नी लय वाईट वाटलं. मग घासून घेतली. रिकामी कशी आनायची, म्हनून शेंगदानं घातलं."

पिवळं पाणी म्हणजे बुरशी उत्तम असल्याची खूण. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी हातानं मला थांबवलं. "बस," त्या तिला म्हणाल्या. "पाणी घे."

एकीनं आणली म्हटल्यावर दुसरीला घरात बसवेना. आजारी माणसाला बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि कुणाचं भांडं परत करताना ते रिकामं द्यायचं नाही. या दोन्ही गोष्टी आपल्या हाडात भिनलेल्या आहेत. एकेक बरणी येत गेली. तांदूळ, पोहे, डाळीचं पीठ, खारीक. नंतर आलेली प्रत्येक जण आधीच्या बरण्यांकडे पाहून समाधानानं हसायची. मी दाराशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकीच्या हाताकडे बघत होतो. एकीनं तरी आळस केला असावा, एकीच्या तरी बरणीत कापसाचा बोळा असावा, असं मला वाटत होतं. पण आळशी बाई त्या गावात नव्हती.

सगळ्यांत शेवटी वरच्या आळीतल्या थोरल्या आजी आल्या. त्या घरातून वस्तीत कधी कुणी पाय ठेवलेला भाऊच्या आठवणीत नव्हता. नातवानं मोटरसायकलवरून आणलं होतं. आजी काठी टेकत आत आल्या, खुर्ची पुढं केली ती बाजूला सारली आणि थेट बाईंच्या कॉटवर, त्यांच्या पायाशी बसल्या. मांडीवर बरणी. तिच्यात साखर.

"सुनंला हात लावू दिला न्हाई," आजी म्हणाल्या. "म्याच घासली. राखंनं घासली, आन मग तुजं ते ध्यानात आलं, उकाळलं का. म्हनून उकाळून बी घेतली दोनदा. आजारी मानसाची वस्तू. आता चिंता करू नगंस."

"लय चांगलं केलंत, मावशी," बाई म्हणाल्या.

भाऊच्या बायकोनं चहा आणला. आजींनी कप उचलला आणि बशीत ओतून, फुंकर घालून, सगळा प्यायल्या. दाराशी भाऊ भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याकडे मला बघवेना. जाताना आजींनी बाईंच्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

सगळी गेली. बरण्या कॉटखाली, टेबलावर, खिडकीत, जागा मिळेल तिथं ठेवल्या होत्या. माझा संताप आवरेना. मी म्हटलं, "बाई, सांगितलं होतं ना त्यांना उघडू नका म्हणून? एवढं साधं कळू नये? तुम्ही एक शब्द बोलला नाहीत!"

बाईंनी आजींची बरणी मागून घेतली आणि मांडीवर ठेवली.

"मी लहान होते," त्या म्हणाल्या. "त्या आजींच्या घरी बाळंतपण होतं. त्यांच्या सासूनं आमच्या आईला खळ्यावर बोलावून काम सांगितलं होतं, आईला वाटलं आपणही काही द्यावं. पहिल्या भाताचे पोहे कांडले होते. पितळेचा डबा चिंचेनं घासून चकचकीत केला, पोहे भरले आणि मला घेऊन गेली. त्यांनी डबा गोठ्याच्या भिंतीवर ठेवायला सांगितला. दुसऱ्या दिवशी गेलो तर तिथंच. कुणी हात लावला नव्हता. पोहे कोंबड्यांनी सांडलेले. आईनं डबा उचलला, घरी आणला आणि परत घासला. मी विचारलं, आता कशाला घासतेस? ती घासतच राहिली."

त्या बरणीवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"आज त्या बाईनं माझी बरणी स्वतःच्या हातानं घासली. उकळली. भरून आणली. माझ्या अंथरुणावर बसून चहा प्यायली. आता सांग, ओरडू कोणाला?"

डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली होती, तरी त्यांनी बरणी उघडली, चिमूटभर तोंडात टाकली आणि डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढं एकदाच.

"आईला दाखवायला पाहिजे होतं हे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना झोप लागली. मी बरणी काढून घ्यायला हात पुढं केला तेव्हा त्यांनी डोळे उघडले, आणि मला उत्तर येत असेल अशा आशेनं माझ्याकडे बघत विचारलं, "पण आता नाल्याचं काय करायचं रे?"

त्या त्यानंतर चारेक महिने होत्या, आणि त्या सगळ्या दिवसांत मला ते उत्तर आलं नाही. मी रोज सकाळी दवाखान्यात जाऊन खिडकी उघडतो आणि गोळ्यांच्या पट्ट्या कापून देतो.